नागपूर, जुलै १९३८ : डॉ. खरे यांचे मंत्रिमंडळ आणि १९३५ च्या कायद्यातली रिकामी जागा

२० जुलै १९३८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनी नागपुरात गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे राजीनामा दिला. (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.) त्यांच्याबरोबर पुरुषोत्तम बळवंत गोळे आणि रामराव देशमुख या दोन मंत्र्यांचेही राजीनामे होते. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या उरलेल्या तिघांनी मात्र राजीनामा द्यायला नकार दिला. काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने (प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने) सांगितल्याशिवाय आम्ही हलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रात्रभर बंगल्या-बंगल्यांतून चिठ्ठ्या आणि निरोप फिरले. २१ तारखेच्या पहाटेपर्यंत गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केले होते, आणि दिवस उजाडल्यावर खरे यांनाच बोलावून नवे मंत्रिमंडळ बनवायला सांगितले. २३ तारखेला तेही मंत्रिमंडळ गेले. २९ तारखेला शुक्ल पंतप्रधान झाले.

नऊ दिवसांत तीन मंत्रिमंडळे. या काळात विधानसभेची एकही बैठक झाली नाही, अविश्वासाचा ठराव आला नाही, मतदान झाले नाही. प्रांतिक स्वायत्तता म्हणून जे मिळाले होते ते नेमके काय होते, हे तपासायला याहून चांगले प्रकरण शोधून सापडणार नाही. आपल्याकडे हे प्रकरण बहुधा दोनच पद्धतींनी सांगितले जाते: मराठी माणसावर झालेला अन्याय म्हणून, नाहीतर शिस्तभंगाची योग्य शिक्षा म्हणून. दोन्ही सांगण्यांत कायदा बाजूला पडतो. म्हणून आधी तो पाहू.

कायद्यात काय होते

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि पोलीस, महसूल, अर्थ अशी राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. नागपूरच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या प्रांतिक विधिमंडळात, १९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षाला (आत शिरून सरकारची अडवणूक करायची म्हणणाऱ्या काँग्रेसच्या गटाला) बहुमत मिळाले. त्यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. पद्धत तिथेच अडली आणि सोपीव खातीही गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. पुढे ऑक्टोबर १९२५ मध्ये त्याच स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे, कौन्सिलचे अध्यक्ष असताना, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गेले. पक्षात मोठा गदारोळ झाला, आणि मंत्रिपदे घ्यावीत म्हणणाऱ्या केळकर-जयकरांच्या प्रतियोगी सहकार पक्षाची वाट तिथून मोकळी झाली. तांब्यांची ही आठवण १९३८ मध्येही ताजी होती. मराठी पुढारी आणि गव्हर्नरचा बंगला हे शब्द एका वाक्यात आले की काँग्रेसमधल्या अनेकांच्या भुवया वर जात, त्याचे एक कारण मला इथे दिसते.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने द्विदल पद्धत प्रांतांतून काढली. १ एप्रिल १९३७ पासून सगळी खाती मंत्र्यांकडे आली. कलम ५० प्रमाणे गव्हर्नरला साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. कलम ५१ प्रमाणे मंत्री गव्हर्नर निवडेल, बोलावेल, आणि ते त्याची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. मंत्र्यांची निवड आणि बडतर्फी या गोष्टी त्याने स्वेच्छाधिकारात करायच्या, म्हणजे मंत्र्यांचा सल्ला घेण्याचे बंधन नाही. कलम ५२ मध्ये खास जबाबदाऱ्या, आणि सारे कोलमडलेच तर कलम ९३ खाली गव्हर्नरची थेट राजवट.

या सगळ्या मजकुरात पंतप्रधान हे पदच नाही. कायद्याला मंत्री माहीत आहेत, त्यांचा प्रमुख माहीत नाही. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारीही कलमांत नाही. ती होती गव्हर्नरला राजाकडून मिळणाऱ्या सूचनापत्रात: विधिमंडळात स्थिर बहुमत राखू शकेल असे ज्याच्याबद्दल वाटते त्याच्याशी विचारविनिमय करून मंत्री नेमावेत आणि मंत्र्यांमध्ये संयुक्त जबाबदारीची भावना रुजेल असे पाहावे. सूचनापत्राचा भंग झाला म्हणून कोणाला कोर्टात जाता येत नव्हते. विलायतेत पंतप्रधानाने राजीनामा दिला की सारे मंत्रिमंडळ गेले असा संकेत आहे. इथे कायद्याच्या नजरेत प्रत्येक मंत्री सुटासुटा होता. खरे गेले म्हणून शुक्ल आपोआप जात नव्हते.

खऱ्यांचा सगळा बचाव विलायतेच्या संकेतावर उभा होता आणि वायलींची सगळी कृती कलम ५१ वर. त्या रात्री दोन्ही एकमेकांना पूरक ठरली. संकेत पाळायचा म्हणून कलम वापरले गेले.

सहा मंत्री, तीन विरुद्ध तीन

१९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांपैकी काँग्रेसने ७० जिंकल्या. गव्हर्नरच्या खास अधिकारांबद्दल आश्वासन मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही असे पक्षाचे धोरण असल्याने पहिले तीन महिने ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ चालले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या जूनमधल्या निवेदनानंतर कार्यकारिणीने वर्ध्याच्या बैठकीत सत्ताग्रहणाला संमती दिली आणि १४ जुलै १९३७ रोजी खरे यांचे मंत्रिमंडळ आले.

प्रांत म्हणजे तीन तुकड्यांची गोधडी होती. उत्तर आणि पूर्वेकडचा हिंदी महाकोशल. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी जिल्हे. आणि वऱ्हाडचे चार जिल्हे, ज्यांच्यावर कागदोपत्री अजून निजामाचे स्वामित्व होते. काँग्रेसच्याही इथे तीन वेगळ्या प्रांतिक समित्या होत्या. सभागृहात हिंदी सभासद अधिक, राजधानी मराठी मुलखात, पंतप्रधान मराठी. सात मंत्र्यांत तीन हिंदी, तीन मराठी आणि सातवे महंमद युसुफ शरीफ.

१९३८ च्या सुरुवातीला कायदामंत्री शरीफ यांनी बलात्काराच्या खटल्यात शिक्षा झालेल्या एका कैद्याची मुदतीपूर्वी सुटका केली. प्रांतभर ओरड झाली. कार्यकारिणीने कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायाधीश मन्मथनाथ मुखर्जी यांचे मत मागवले, आणि ते प्रतिकूल आल्यावर शरीफ यांना जावे लागले. एका प्रांताच्या मंत्र्याने दयेचा अधिकार नीट वापरला की नाही, हे विधानसभेने ठरवले नाही, गव्हर्नरनेही नाही. ते पक्षाच्या कार्यकारिणीने ठरवले, आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. खऱ्यांनाही त्या वेळी वाटले नाही. दोन महिन्यांनी त्यांनी विधिमंडळाला जबाबदार असलेल्या पंतप्रधानाचा हक्क सांगितला, तेव्हा हे उदाहरण त्यांच्या आड आले.

शरीफ गेल्यावर मंत्री उरले सहा आणि तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली. खाती, नेमणुका, एकमेकांच्या कारभारावरचे आरोप, सगळ्यावरून धुसफूस होती. मे महिन्यात पचमढीला, म्हणजे प्रांताच्या उन्हाळी राजधानीत, वल्लभभाई पटेल आणि मौलाना आझाद यांच्या उपस्थितीत तडजोड झाली. मंत्र्यांनी एकत्र काम करण्याचे कबूल केले. ती तडजोड दोन महिनेही टिकली नाही. कोणी मोडली याबद्दल दोन्ही गटांची उत्तरे अर्थातच वेगळी आहेत. जुलैच्या मध्यास गोळे आणि देशमुख यांनी खऱ्यांच्या हाती राजीनामे दिले, आणि खऱ्यांनी ठरवले की सगळ्यांचेच राजीनामे घेऊन मंत्रिमंडळ नव्याने बांधायचे.

हे ठरवताना एक भूगोल त्यांनी हिशेबात घेतला नाही, किंवा घेतला म्हणूनच घाई केली. वर्धा नागपूरपासून मोटारीने दीड-दोन तासांवर. तिथे जमनालाल बजाजांकडे कार्यकारिणी भरायची आणि जवळच शेगावात (आजच्या सेवाग्रामात) गांधीजी राहायचे. मुंबईचे खेर किंवा मद्रासचे राजगोपालाचारी यांना श्रेष्ठींपासून जे अंतर मिळाले होते ते नागपूरच्या पंतप्रधानाला कधीच नव्हते. त्या रात्री राजेंद्रप्रसाद वर्ध्यातच होते. तिघा मंत्र्यांनी त्यांच्याशी संधान बांधले आणि बोर्डाची बैठक होईपर्यंत राजीनामा देऊ नये असा सल्ला मिळवला. बोर्डाची बैठक दोनच दिवसांवर होती.

वायलींनी काय करायला हवे होते

वायली हे राजकीय खात्यात, म्हणजे संस्थानांच्या कारभारात, मुरलेले अधिकारी. नागपूरला येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्यापुढचे पर्याय असे होते. खऱ्यांचा राजीनामा स्वीकारायचा आणि बाकीच्या तिघांना चालू ठेवायचे. पण मग सूचनापत्रातली संयुक्त जबाबदारी कुठे राहिली? खऱ्यांना राजीनामा दोन दिवस मागे ठेवायला सांगायचे. किंवा तिघांना काढून खऱ्यांना पुन्हा नेमायचे. कलम ९३ ला तिथे काही आधार नव्हता, कारण बहुमताचा पक्ष सत्ता चालवायला तयार होता.

कायद्याच्या कसोटीवर तिसरा पर्याय निर्दोष आहे. काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता अजून खरेच होता. नेत्याने मंत्रिमंडळ बदलायचे म्हटल्यावर त्याला अडवणारा गव्हर्नर उलट हस्तक्षेपाचा धनी झाला असता. मंत्री पक्षाच्या समितीच्या आदेशाची वाट पाहत आहेत, हे कारण गव्हर्नरने ऐकायचे तरी कोणत्या कलमाखाली?

तरीही मला वाटते, वायली चुकले, आणि तेही त्यांच्याच सूचनापत्राच्या कसोटीवर. स्थिर बहुमत कोणाकडे आहे हे पाहणे त्यांचे काम होते. निम्मे मंत्रिमंडळ पंतप्रधानाविरुद्ध उभे आहे आणि सभागृहात त्या निम्म्याच्या भाषेचे सभासद जास्त आहेत, एवढे समोर दिसत असताना खऱ्यांचे बहुमत गृहीत धरणे धाडसाचे होते. आठवडाभरात पक्षाने शुक्लांना निवडले आणि तो अंदाज खोटा ठरला. दुसरे असे की अडून काय राहिले होते? अंदाजपत्रक अडले नव्हते, रस्त्यावर दंगल नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजकीय कैद्यांच्या सुटकेवरून संयुक्त प्रांत आणि बिहारच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते. तिथल्या गव्हर्नरांनी ते लगेच स्वीकारले नाहीत, थांबले, बोलले, आणि महिना संपायच्या आत दोन्ही मंत्रिमंडळे जागेवर आली. मे महिन्यात ओरिसात हंगामी गव्हर्नर म्हणून मंत्र्यांच्याच हाताखालचा अधिकारी नेमण्यावरून पेच झाला, तर गव्हर्नरने आपली रजाच रद्द केली. म्हणजे थांबण्याची रीत त्या सहा महिन्यांत पडत चालली होती. लखनौ आणि पाटण्याला जे दिवस मिळाले ते नागपूरला एका रात्रीपुरतेही मिळाले नाहीत.

अर्थात फरकही आहे. लखनौ-पाटण्याला सगळे मंत्री एका बाजूला आणि गव्हर्नर दुसऱ्या बाजूला होता. तिथे दुसरे मंत्रिमंडळ बनतच नव्हते, त्यामुळे थांबण्यात सरकारचाच फायदा होता. नागपुरात पक्ष स्वतःच दुभंगलेला होता.

खऱ्यांचे तीन दिवस

२१ तारखेच्या नव्या मंत्रिमंडळात खरे, गोळे, देशमुख यांच्याबरोबर ठाकूर प्यारेलाल सिंग आणि अग्निभोज आले. प्यारेलाल सिंग छत्तीसगडचे. म्हणजे हे मंत्रिमंडळ केवळ मराठी दिसू नये याची खऱ्यांनी काळजी घेतली होती. अग्निभोज हरिजन समाजाचे. दलित मंत्री घेतल्याबद्दल गांधीजींनी आपल्याला दोष दिला, असे खरे पुढे जाहीर सभांतून सांगत राहिले, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेसवर टीका करताना हा दावा नोंदवला, गांधीजींनी तो कधी खोडला नाही या शेऱ्यासह. दावा खऱ्यांचा आहे आणि तो रागावलेल्या माणसाचा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावा. पण पहिल्या मंत्रिमंडळातल्या सात जणांत एकही दलित नव्हता, ही गोष्ट त्याने झाकत नाही.

वर्ध्याला पार्लमेंटरी बोर्ड बसले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. खऱ्यांना बोलावण्यात आले, तुमचे चुकले असे सांगण्यात आले आणि त्यांनी २३ जुलैला राजीनामा दिला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत दुबळी जागा हीच. पंतप्रधान विधिमंडळाला जबाबदार असतो असे ज्याचे म्हणणे, त्याने विधानसभा बोलवायला हवी होती. निदान आपल्या पक्षाच्या आमदारांची बैठक घेऊन राजीनाम्याआधी मत अजमावायला हवे होते. खऱ्यांनी २० तारखेला पक्षाला न विचारता गव्हर्नर गाठला आणि २३ तारखेला विधिमंडळाला न विचारता पक्षापुढे मान तुकवली. तत्त्व त्यांनी नंतर मांडले, मोठ्या आवेशाने मांडले, पण ते वापरायच्या वेळी त्यांच्या हातात नव्हते.

शेगावात गांधीजींची भेट झाली. खऱ्यांनी द्यायच्या निवेदनाच्या मसुद्यात गांधीजींनी दुरुस्त्या केल्या. खऱ्यांनी सही करायला नकार दिला. २६ जुलैच्या ठरावात कार्यकारिणीने म्हटले की त्यांच्या हातून गंभीर चुका झाल्या, इशारे मिळूनही त्यांनी शिस्त मोडली आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या जागा सांभाळायला ते लायक नाहीत. ठरावाचा दुसरा रोख वायलींवर होता. रात्रीचा दिवस करून दाखवलेली घाई काँग्रेसला दुबळी करण्यासाठी होती, असा आरोप त्यात आहे. सत्ताग्रहणानंतर गव्हर्नरने मंत्री बडतर्फ करण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती खऱ्यांनी आणली, हा कार्यकारिणीचा खरा राग होता. पक्षाच्या भांडणात पंचाची शिटी गव्हर्नरच्या तोंडात दिली गेली, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते. २७ तारखेला वर्ध्यातच विधिमंडळ पक्षाची बैठक बोसांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि शुक्ल नेते झाले. प्रांताचा पंतप्रधान प्रांताच्या राजधानीबाहेर, अखिल भारतीय अध्यक्षासमोर निवडला गेला.

कोण कोणाला जबाबदार

इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि विरोधकांनी कार्यकारिणीला फॅसिस्ट म्हटले. गांधीजींनी ऑगस्टच्या सुरुवातीला 'हरिजन'मध्ये उत्तर दिले. फॅसिझम म्हणजे नंगी तलवार, तिथे खऱ्यांचे डोके गेले असते, असे त्यांनी लिहिले. त्याच लेखात त्यांनी काँग्रेसची दोन रूपे सांगितली. अंतर्गत कारभारात ती लोकशाही संस्था, पण परक्या सत्तेशी झुंजणारे यंत्र म्हणून तिला सूत्रे एका हाती ठेवावी लागतात. गव्हर्नरने कायद्याचे अक्षर पाळले पण सरकार आणि काँग्रेस यांच्यातल्या अलिखित समजुतीचा प्राण घेतला, असेही त्यांचे म्हणणे होते.

गांधीजींचा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्यातच त्याची अडचण आहे. लढाऊ यंत्राला मंत्रिपदे घ्यायची असतील तर मतदाराला जबाबदार कोण, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. इंग्रज अभ्यासक रेजिनाल्ड कूपलंड यांनी पुढे १९३५ च्या कायद्याच्या अंमलाचा आढावा घेताना नेमके इथेच बोट ठेवले: प्रांतांची मंत्रिमंडळे प्रांताच्या विधिमंडळाऐवजी दूरच्या पक्षश्रेष्ठींना जबाबदार झाली. त्यांच्या टीकेत साम्राज्याचा स्वार्थ आहे. ज्या सरकारने कायद्यात पंतप्रधानाला जागाच ठेवली नाही आणि बडतर्फीची किल्ली गव्हर्नरच्या खिशात ठेवली, त्याच्या बाजूने बोलणाऱ्याने जबाबदारीचे धडे द्यावेत हे जरा जास्तच होते. गव्हर्नरच्या त्या किल्लीला अडसर म्हणूनच तर मंत्री एका बाहेरच्या शिस्तीला बांधून घेत होते.

भाषेचा हिशेब मात्र कोणाच्याच ठरावात नव्हता. नागपूर-वऱ्हाडात ही घटना मराठी पंतप्रधानाला हिंदी गटाने हटवल्याची म्हणून वाचली गेली. कार्यकारिणीच्या मनात तसे होते असे मानायला मला पुरावा दिसत नाही. पण नेतृत्व बदलले आणि ते महाकोशलकडे गेले, एवढे लोकांना पुरेसे होते. १ ऑक्टोबर १९३८ रोजी, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, याच विधानसभेने मराठी जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ प्रांत करावा असा ठराव केला. आजही विदर्भाच्या मागणीच्या इतिहासात ही तारीख पहिल्या पानावर असते, तिच्या आधीचा जुलै मात्र क्वचितच.

शुक्लांचे मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर पायउतार झाले आणि कलम ९३ लागू झाले. ज्या बोसांनी वर्ध्याच्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवले, त्यांनाच ऑगस्ट १९३९ मध्ये त्याच कार्यकारिणीने शिस्तभंगासाठी तीन वर्षे पदांसाठी अपात्र ठरवले. खरे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, पुढे अलवार संस्थानचे पंतप्रधान आणि हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या टीकाकारांना १९३८ बद्दल मग आणखी काही सिद्ध करावे लागले नाही. हा युक्तिवाद उलट्या दिशेचा आहे, पण चालला. शुक्ल १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वारले. मिश्र १९६३ मध्ये त्याच खुर्चीवर बसले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री हे पद नावाने आले, इतर मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमायचे असे ठरले, आणि विधानसभेप्रती सामुदायिक जबाबदारी सूचनापत्रातून उचलून थेट कलमात आणली गेली. मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील, हे कलम ५१ मधले वाक्य मात्र तसेच ठेवले आहे.